यादीतला पुढचा माणूस

आमच्या गावात लोक एक गोष्ट खरी धरून चालायचे. नदीत वाहून गेलेल्या त्या माणसाला बंधाऱ्यातून पाणी सोडणार असल्याचा मेसेज वेळेवर पोचला होता, तरी पाण्याची मोटर वाचवायच्या लोभानं तो पात्रात उतरला, असं सांगायचे. त्याची बायको पहिल्या दिवसापासून म्हणत आली की मेसेज आलाच नव्हता. तिचं कोणी ऐकलं नाही, कारण मेसेज पाठवणारा मी होतो आणि मी "गेला होता" म्हणालो होतो.

तो गेला नव्हता. का गेला नव्हता हे सांगायचं तर थोडं पायथन सांगावं लागेल. ते अवघड नाही. लातूरला मी ते अगदी नवशिक्यांना शिकवतो, आणि सातवी शिकलेल्या माणसालाही कळेल इतकं सोपं आहे.

नांदेडच्या एका शाळेत मी नोकरी संपेपर्यंत गणित शिकवलं. मी राहतो नांदेडला, आमचं गाव मात्र शहराच्या खालच्या अंगाला, गोदावरीच्या काठावर. गावाची पोरं सायकलीवर माझ्या शाळेत यायची, म्हणून अर्धं गाव मला गुरुजी म्हणतं. निवृत्तीनंतर उन्हाळ्यात लेकीकडे लातूरला राहायला गेलो. तिच्या घराच्या गल्लीतच कॉम्प्युटरचा क्लास होता. दुपारी झोप येत नव्हती, म्हणून नाव घातलं. वर्गात सगळे माझ्या नातवंडांच्या वयाचे. पहिल्याच आठवड्यात यादी शिकवली, आणि मला ती फार आवडली.

यादी चौकोनी कंसात लिहितात. आत एकामागून एक वस्तू, मध्ये स्वल्पविराम. जागा शून्यापासून मोजतात. पहिला तो शून्यावर, दुसरा तो एकवर. अपेंड म्हटलं की नवा माणूस शेवटी येऊन बसतो. रिमूव्ह म्हटलं की नाव घेतलेला उठून जातो. आणि फॉर लिहून यादीवरून वरून खाली एक फेरी मारता येते, प्रत्येकापाशी थांबून त्याचं काम करता येतं. आयुष्यभर हजेरी घेतलेल्या माणसाला हे ओळखीचं वाटलं. असं वाटलं की हे आपल्याला आधीपासूनच येत होतं.

गावी परतलो तेव्हा सरपंचाची एक अडचण होती. आमच्याकडे केळीला पाणी नदीतून चढवतात. ज्याचं त्याचं रान काठाला, मोटर पात्रात, पाइप वर. वरच्या बंधाऱ्याचे दरवाजे उघडणार असले की त्याआधी मोटर दोराला बांधून वर ओढावी लागते. गंमत अशी की आमच्याकडे आभाळ कोरडं असतं, ऊन पडलेलं असतं, आणि पाणी येतं. पाऊस कुठंतरी वर, नाशिक-पैठणकडं झालेला असतो. त्यामुळे आभाळ बघून काही कळत नाही. पूर्वी कोतवाल मोटरसायकल घेऊन काठानं ओरडत जायचा. तो म्हातारा झाला, काठचा रस्ता खचला, आणि बंधाऱ्यावरून सरपंचाला फोन आला की तो बसल्या जागी एकेकाला फोन लावत बसायचा.

सरपंच माझाच विद्यार्थी. म्हणाला, "गुरुजी, तुम्ही कॉम्प्युटर शिकून आलाव म्हणं. मंग याचं काहीतरी करा की. माझा कान लाल होऊन राहिला फोन लावून लावून."

मी केलं. काठाच्या क्रमानं, वरून खाली, सगळ्या मोटरवाल्यांच्या नंबरांची एक यादी. एका सेवेमार्फत त्यांच्या मोबाइलवर मेसेज जायचा: दरवाजे उघडणार आहेत, मोटर काढा, पात्रात उतरू नका. आधीच मोटर काढलेल्याला उगाच त्रास नको, म्हणून मी एक सोय केली. ज्यानं मोटर काढली त्यानं मला फक्त "काढली" असं कळवायचं. मग प्रोग्रॅम फेरी मारताना त्याच्यापाशी आला की त्याला यादीतून रिमूव्ह करायचा, आणि बाकीच्यांना मेसेज पाठवायचा. फेरी संपली की पडद्यावर यायचं, सर्वांना संदेश गेला. ही शेवटची ओळ मी स्वतः लिहिली होती. ती कशावरही अवलंबून नव्हती. फेरी संपली की ती येणारच होती.

पारावर बसून पहिल्यांदा चालवून दाखवलं तेव्हा अजून कोणाचीच मोटर बाहेर नव्हती. तिथं बसलेल्या प्रत्येकाच्या खिशात फोन वाजला. लोक हसले. कोणी म्हणालं, "आता कोतवालाला पेन्शन द्या." कोतवालही हसला. मी त्या दिवशी घरी जाताना फार खुशीत होतो.

आता तो माणूस. तोही माझा विद्यार्थी, गणितात बरा होता. गावाच्या पलीकडच्या अंगाला बुद्धवाड्यात घर, आणि नदी जिथं वळते त्या वळणामागं दोन एकर रान. बाभळीच्या दाटीमुळे ते वळण गावातून दिसत नाही. तिथं दोनच मोटरी होत्या. एक मोठ्या शेतकऱ्याची, आणि तिच्या खाली ह्याची. म्हणजे यादीतही तो मोठा शेतकरी आधी, आणि हा त्याच्या लगेच पुढचा.

मोठ्या शेतकऱ्याला बोअरचं पाणी होतं. भाद्रपद लागला की तो मोटर लवकर काढून ठेवायचा आणि मला "काढली" म्हणून कळवायचा. शिस्तीचा माणूस.

पहिल्याच वर्षी, दरवाजे उघडून पाणी ओसरल्यावर, हा मला बसस्टँडवर भेटला.

"गुरुजी, मला न्हाई आला मेसेज."

"रेंज नसेल."

"वरच्या रानवाल्याला गावात कळलं, त्यानं आवाज दिला म्हणून मोटर काढली मी. न्हाईतर गेली व्हती."

"फोन जुना आहे तुझा. बदल."

त्यानं खरंच बदलला. पुढच्या खेपेला पुन्हा तेच. ह्या वेळी तो पारावर चार लोकांत बोलला. नवा फोन हातात घेऊन, पुढं करून दाखवत. "हे बघा, चार दांड्या हायेत रेंजच्या. सगळ्याचे मेसेज येतेत. तुमचाच येत न्हाई."

मी म्हणालो, "यंत्र कोणाचं नाव गाळत नसतं. माणूस वाचत नसतो."

लोक हसले. तोही हसला, पण डोकं खाली घालून. कोणीतरी वर टोमणा मारलाच, "गुरुजींच्या वर्गात बी असाच होता का, गृहपाठ न करता?" मी ते थांबवलं नाही. त्याच दिवशी घरी जाऊन मी यादी उघडली असती, तर पुढचं काही झालं नसतं. मी त्याचा नंबर बरोबर आहे का एवढं पाहिलं. नंबर बरोबर होता. मी लॅपटॉप मिटला.

त्यानंतरच्या वर्षी भाद्रपदात ऊन कडक पडलं होतं. सकाळी सरपंचाचा फोन आला, दुपारनंतर दरवाजे उघडणार. मी नांदेडला घरी होतो. चहा घेत घेत बटण दाबलं. सर्वांना संदेश गेला. मोठ्या शेतकऱ्याची मोटर आठवड्यापूर्वीच जळाली होती, आतली तार नव्यानं भरून घ्यायला ती त्यानं अर्धापूरला दिली होती आणि मला "काढली" म्हणून कळवलं होतं. त्या दिवशी तो स्वतः मोटर आणायलाच गेला होता. वळणामागं आवाज द्यायला कोणी नव्हतं.

त्याची बायको त्याला भाकरी देऊन परत निघाली होती. तो पात्रात उतरून मोटरीच्या तोंडाशी अडकलेला कचरा काढत होता. नंतर तिनं सांगितलं की पाणी आधी गढूळ झालं. तिला ते वरून दिसलं आणि तिनं हाक मारली. त्यानं हात वर करून "आलो" असं दाखवलं. मग पाणी फुगल्यासारखं झालं, आवाज न करता. ती धावत परत काठाशी पोचली तेव्हा पाइप दिसत नव्हता.

त्याचा फोन त्याच्याबरोबरच गेला. त्यामुळे मेसेज आला होता की नाही हे दाखवायला काही उरलं नाही.

तिसऱ्या-चौथ्या दिवशीच, घरी लोक बसले असताना त्याच्या थोरल्या भावानं मला विचारलं, "गुरुजी, खरं सांगा. गेला व्हता ना मेसेज?"

"गेला होता," मी म्हणालो. तेव्हा मला तसंच वाटत होतं. एवढं एक मी माझ्या बाजूनं म्हणू शकतो.

बायको आतून म्हणाली, "न्हाई आला. मी तितंच व्हते. त्येंचा फोन माझ्या हातात व्हता, मी त्येंला पोरीचा फोटो दावून फोन परत दिला. न्हाई आला."

 त्या दिवसापासून थोरल्या भावानं तिच्याशी बोलणं टाकलं. गावात बोललं जाऊ लागलं की फोन तिच्या हातात होता, म्हणजे मेसेज तिनंच पाहिला असणार आणि तरी नवऱ्याला उतरू दिलं असणार. मोटर पोराबाळांपेक्षा महाग झाली म्हणायचे. नळावर बायका तिला ऐकू जाईल असं बोलायच्या. आणि कोणी जरा तिची बाजू घेतलीच, तर माझं वाक्य पुढं यायचं. यंत्र नाव गाळत नसतं, गुरुजी म्हणालेत.

हिवाळ्यात मी लातूरला गेलो. क्लासच्या मालकानं मला नवशिक्यांची एक बॅच शिकवायला दिली होती. त्या बॅचमध्ये रेणापूरहून रोज बसनं येणाऱ्या चाळिशीच्या एक बाई होत्या. एका शाळेत लिपिक होत्या आणि कामासाठी शिकत होत्या. फेरी मारताना रिमूव्ह कसं वापरायचं याचा सराव मी दिला होता. चार गुणांची यादी, [७२, ३१, २८, ६४]. पस्तीसच्या खालचे काढून टाका.

बाई हसत म्हणाल्या, "सर, एकतीसवाला गेला, पण अठ्ठावीसवाला वाचला बघा. याचा वशिला दिसतोय."

सगळा वर्ग हसला. मीही हसत त्यांच्या पडद्यापाशी गेलो. ओळी बरोबर होत्या. पुन्हा चालवलं. अठ्ठावीस तिथंच. मी खडू घेतला आणि फळ्यावर चार चौकोन काढले, म्हटलं एकेक पायरी करू. शून्यावर बहात्तर, ठीक. पुढं एकवर एकतीस, काढा. एकतीस गेला, आणि मागचे सगळे एकेक जागा पुढं सरकले. अठ्ठावीस एकवर आला. पण फेरी एक संपवून दोनकडं गेली होती. दोनवर आता चौसष्ट होता. अठ्ठावीसपाशी कोणी थांबलंच नाही.

पंगतीत असंच होतं, मी वर्गाला सांगितलं. वाढपी जागा मोजत चालला आहे. एक जण उठून गेला, बाकीचे सरकून बसले. वाढपी पुढच्या जागेवर गेला. जो सरकून उठलेल्याच्या जागी बसला, त्याच्या पानात काही पडत नाही. वाढप्याला वाटतं, वाढलं.

बोलता बोलता माझा हात थांबला. त्या बाईंनी विचारलं, "सर, पुढं?" मी म्हटलं आज इतकंच. वर्ग सुटला तरी मी त्या चार चौकोनांसमोर उभा होतो. जो काढला जातो त्याच्या लगेच पुढचा सुटतो. मोठा शेतकरी "काढली" कळवायचा. त्याच्या लगेच पुढचा कोण, हे मला यादी न उघडता माहीत होतं. प्रत्येक खेपेला तोच. तो दोनदा सांगायला आला होता.

दुरुस्ती सोपी होती, आणि हेच मला आजही सहन होत नाही. फेरी यादीवर न मारता यादीच्या प्रतीवर मारायची, म्हणजे काढाकाढी मूळ यादीत होते आणि चालणारा चुकत नाही. एका ओळीत तीन खुणा वाढवाव्या लागतात. ती दुरुस्ती मी त्याच दिवशी केली. सरपंचाला फोन करून म्हणालो, "थोडी सुधारणा केली आहे." तो म्हणाला, "तुम्ही हायेत म्हणून चाललंय, गुरुजी."

तेव्हा सांगायला हवं होतं. मी स्वतःला सांगत राहिलो की माणूस तर परत येणार नाही. की लोकांचा मेसेजवरचा विश्वास उडाला तर आणखी कोणी जाईल. ही दोन्ही कारणं वाईट नाहीत. पण त्यामागं तिसरं होतं, आणि ते एवढंच होतं की मला पारावर बसायचं होतं. पुढच्या भाद्रपदात मेसेज सगळ्यांना गेले. त्याच्या पुढच्याही. मी गावात गेलो की ती लांबून येताना दिसायची आणि मी गल्ली बदलायचो. ती रान सोडून गेली नव्हती. नवी मोटर बसवली होती. पाण्याच्या दिवसांत रोज सकाळी काठाला बसून पाण्याचा रंग बघते, असं ऐकत होतो.

ह्या वर्षी उन्हाळ्यात मी तिच्या घरी गेलो. दुपारची वेळ होती. तिनं पाणी दिलं आणि उभी राहिली. मी सगळं सांगितलं, पंगतीचं उदाहरण देऊन. शेवटी म्हणालो, "तू म्हणत होतीस ते खरं होतं."

ती म्हणाली, "मला काय सांगून राहिलेत, गुरुजी? मला तर माहीतच हाय."

तिनं माझ्या हातातला रिकामा पेला घेतला.

"ज्येंला माहीत न्हाई त्येंला सांगा. रविवारी विहारात समदे असतेत. सासरचे बी येतेत. पारावरच्या लोकांला बी बोलवा."

रविवारी गेलो. वंदना झाल्यावर सरपंचानं मला बोलायला सांगितलं. त्याला वाटत होतं मी दरवाज्यांच्या दिवसांबद्दल काही सूचना देणार आहे. मोठा शेतकरी दाराशी उभा होता. थोरला भाऊ पुढं मांडी घालून बसला होता. ती बायकांत, भिंतीला टेकून. मी सांगितलं. यंत्रानं नाव गाळलं होतं, आणि यंत्राला तसं मी शिकवलं होतं. तिनं कोणताही मेसेज पाहिला नव्हता, कारण तो निघालाच नव्हता. त्यालाही लोभ नव्हता. त्याला माहीत नव्हतं.

 मग थोरल्या भावानं विचारलं, "हे तुम्हाला कवा कळलं?"

ह्या प्रश्नाची मी तयारी केली नव्हती. "त्याच हिवाळ्यात," मी म्हणालो.

तो माझ्याकडं बघत राहिला. मग मान वळवून त्यानं तिच्याकडं पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच असेल. त्याला काही म्हणायचं होतं, पण तिनं त्याची वाट पाहिली नाही. ती उठून पुढं आली.

"त्येंचा नंबर अजून हाय का तुमच्या यादीत?"

"आहे," मी म्हणालो. तो काढायला माझा हात झाला नव्हता.

"म्हंजी मेसेज जातो त्येंला."

"जातो." दुरुस्तीनंतर प्रत्येक खेपेला गेला होता. तो नंबर आता बंद होता की दुसऱ्या कोणा अनोळखी माणसाच्या खिशात वाजत होता, मला माहीत नव्हतं.

दाराकडून कोणीतरी म्हणालं, "अजून बी तेच मशीन चालू हाय का? आणिक कुठं चूक असली त्यात तर?"

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "ही चूकही मला माहीत नव्हती. कोतवालानं काठानं जायचं बंद करायला नको होतं. यापुढं माणूस गेलाच पाहिजे."

"रस्ता खचलाय," सरपंच हळू म्हणाला.

"मी जाईन," थोरला भाऊ म्हणाला. कोणाकडं न बघता.

तिनं ते ऐकलं की नाही, कळलं नाही. ती माझ्यासमोर बसली होती आणि पदराच्या टोकातून फोन सोडवत होती. "त्येंच्या जागी माझा घाला. आत्ता. मला बघू द्या."

मी लॅपटॉप उघडला. काढायची गरज नसते. त्याच जागेचा क्रमांक लिहून तिथं नवी वस्तू ठेवली की जुनी आपोआप जाते, आणि कोणी सरकत नाही. तिनं नंबर सांगितला, मी टंकला, तिनं पडद्यावर बोट ठेवून एकेक आकडा पडताळून पाहिला. मग मी सगळ्या यादीला चाचणीचा मेसेज सोडला. विहारात इकडंतिकडं फोन वाजले. तिचाही वाजला. तिनं तो वाचला आणि माझ्याकडं पाहिलं.

"माझ्या पुढं कोण हाय?"

मी नाव सांगितलं. खालच्या अंगाचा एक म्हातारा, तो आला नव्हता.

"त्येला फोन लावा. आला का इचारा."

पडद्यावर सर्वांना संदेश गेला असं आलं होतं. कोणी तिकडं बघत नव्हतं. मी म्हाताऱ्याला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून तो मध्ये जमिनीवर ठेवला. घंटी वाजत होती. थोरला भाऊ उठून चप्पल शोधायला लागला होता.